चार चुण्या, एक खाडा

दिगंबर मास्तर आधी मशीनचा वास घेत. कुणी जुनं शिवणयंत्र घेऊन आलं की ते गोणपाटावर आडवं करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि त्याच्या पोटाशी नाक नेऊन डोळे मिटून हुंगायचे. मग आत कुठलं तेल घातलंय याचा निकाल यायचा. ‘करडी.’ किंवा ‘तीळ. पन दोन-तीन वर्सं झाले.’ एकदा एका वकिलीणबाईंना त्यांनी विचारलं, ‘बाई, तूप काहून घातलं याच्यात?’ त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. तूप त्यांच्या सासूबाईंनी घातलं होतं आणि ते त्या दोघींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

अठ्ठावन्न साली मी आर्णीच्या सरकारी शिवणवर्गात मदतनीस शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा तो वर्ग चालवणारे मास्तर पन्नाशी ओलांडलेले होते. माझे वडील यवतमाळला कचेरीत हेडक्लार्क. आमच्या घरात सगळे लेखणीचे, त्यामुळे मुलगी शिवणाच्या नोकरीला निघाली म्हणून काकांनी महिनाभर अबोला धरला होता. आर्णीला येऊन पाहते तर दोन खोल्या, नऊ मशिनं आणि त्यांतलं एकही दुसऱ्यासारखं नाही. एक जर्मन, एक विलायती, एकाच्या अंगावर सोन्याची वेलबुट्टी, दुसऱ्याला हातानं फिरवायचं चाक, तिसऱ्याचं खालचा दोरा नेणारं शटल होडीसारखं लांबट. सगळी मास्तरांनी बाजारातून, भंगारातून, कुणाच्या गोठ्यातून उचलून आणलेली. सरकारनं दिलेलं एकच होतं आणि ते सारखं बिघडायचं.

मास्तर मूळचे यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचे. बायको लवकर गेली, मुलगी लोहाऱ्यालाच दिलेली. ते वर्गाच्या मागच्या खोलीत राहत. मशिनांना त्यांनी नावं ठेवली होती. कुरकुरणारी ती आत्याबाई. उगाच धडधडणारं ते फौजदार. मुलींना ते सांगत, ‘आत्याबाईवर पातळ कापड नोका घेऊ, तिले राग येते.’ मला सुरुवातीला हे सगळं पोरकट वाटलं. महिनाभरानं मीही ‘फौजदार रिकामा आहे का’ असं विचारू लागले.

त्यांचा खरा जीव मात्र मशीनच्या सुट्या पायांवर. टीप घालताना कापड दाबून धरतो तो पाय काढून त्या जागी दुसरे लावता येतात: कडा दुमडणारा, गोट लावणारा, दोरी भरणारा. असे पाय त्यांनी वीस वर्षं जमवले होते आणि ते पानाच्या पितळी डब्यात ठेवले होते, सुपारीच्या वाटीत एक, कात-चुन्याच्या वाट्यांत दोन असे. पाहुणा आला की बोलता बोलता डबा पुढे ओढायचा, झाकण उघडायचा आणि लोखंड बघून गप्प बसायचा. मास्तर म्हणायचे, ‘घ्या ना, घ्या. चावलं तं सांगा.’

आमच्या भागात जवसाचं तेल घरोघरी. खांडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तशी मशीनचीही व्हायची, आणि एखादी भाविक बाई हळदकुंकू वाहून झालं की मारुतीला घालावी तशी वरून तेलाची धार धरायची. जवसाचं तेल वाळलं की चिवट रंगासारखं बसतं. दसरा झाला की पंधरा दिवसांत आमच्या ओट्यावर गच्च बसलेल्या मशिनांची रांग लागायची. मास्तर त्यांना रॉकेलच्या चिंध्यांत तीन दिवस गुंडाळून ठेवत, उन्हात तापवत, कोंबडीच्या पिसानं एकेक खाच पुसत. घाई नाही, जबरदस्ती नाही. चौथ्या दिवशी एका बोटानं चाक फिरवून बघायचे आणि फिरलं की आम्हाला हाक मारायचे.

अशीच एका पाटलीणबाईंची विलायती मशीन आली होती. पाटील स्वतः चार माणसं घेऊन आले आणि म्हणाले की कारखान्यानंच फसवलं. मास्तरांनी हुंगलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं की मशीन निर्दोष आहे, तुमच्या घरच्यांनी तिला जवस पाजलंय. पाटलांना ते झोंबलं. ते निघून गेल्यावर मी म्हटलं, मास्तर, जरा बेतानं सांगायचं होतं. ते म्हणाले, ‘मानसाबद्दल एखाद्या वेळी बोलन मी खोटं. लोखंडाबद्दल नाई बोलत, बाई.’

हे त्यांचं ब्रीदच होतं. एकदा वर्गासाठी नवी मशीन घेऊन एक माणूस आला. मास्तरांनी तळाचा रंग नखानं खरवडला, खालचा गंज त्याला दाखवला आणि पोचपावतीवर सही करायला नकार दिला. वरून दोन पत्रं आली, बदलीची धमकी आली, पण सही झाली नाही. तेव्हापासून आर्णीच्या बाजारात कुणी जुनी मशीन विकायला काढली की घेणारा आधी विचारायचा, मास्तरांनी पाहिली का. मास्तर ‘हो’ म्हणाले की हो आणि ‘नाही’ म्हणाले की नाही. तांड्यांवरची माणसंसुद्धा हे जाणून होती.

त्या तांड्यांपैकी एक अरुणावतीच्या पलीकडे होता. तिथला धावजी नावाचा बंजारा शेतकरी एकदा बैलगाडीत घालून हातमशीन घेऊन आला. कुठल्याशा लिलावात त्यानं ती हौसेनं घेतली होती, पण तांड्यावर ती कुणालाच चालवता येईना. मास्तरांनी एक अट घातली. मशीन नीट करून देतो, पण चालवणारी धाडा. धावजीनं डोकं खाजवलं, आठवडाभर घेतला आणि मग थोरली मुलगी आणून सोडली. तिचं नाव सोमली. सतरा वर्षांची, हातभर बलोयांच्या बांगड्या घातलेली, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. तांड्यावरून वर्गाला येणारी ती पहिली मुलगी. रोज दोन कोस येणं आणि दोन कोस जाणं.

डब्यातल्या पायांत एक होता चुण्या घालणारा. घागऱ्याच्या घेराला हातानं चुण्या घालायला दोन दिवस लागतात, हा पाय मशीनला लावला की तासाभरात पडतात. तसा पाय पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. पण त्यात एक खोट होती. त्याच्या आतल्या दातेरी चाकाचा एक दात झिजलेला होता, त्यामुळे तो चार चुण्या घालायचा आणि पाचवी चुकवायचा. पुन्हा चार, पुन्हा एक खाडा. मास्तरांनी घड्याळाच्या पात्यापासून सायकलच्या तारेपर्यंत सगळं लावून पाहिलं, खाडा काही जाईना. त्यांनी त्याचं नाव खाडेबाज ठेवलं आणि डब्याच्या तळाशी टाकून दिला.

सोमलीनं तो शोधून काढला. तिला तीजेसाठी नवा फेटिया शिवायचा होता. तीज हा तांड्यावरच्या लग्न न झालेल्या मुलींचा सण. श्रावणात त्या टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात, नाचतात. फेटिया म्हणजे त्यांचा घेरदार घागरा. मास्तर म्हणाले, ह्या पायानं नको, मधे मधे उघडं दिसेल. तिनं चिंधीवर चुण्या घालून पाहिल्या, बोटानं मोजल्या आणि म्हणाली, ‘मास्तर, जिथं खाडा हाये तिथं मी कवडी लावतो.’

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. वीस वर्षं ज्या खोटेवर ते कानस घासत होते, तिची या पोरीनं एका वाक्यात शोभा करून टाकली होती. पुढे आठवडाभर जो भेटेल त्याला ते ही गोष्ट सांगत होते. पोस्टमनला दोनदा सांगितली. मी त्यांना इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

साठ सालच्या श्रावणातली ती दुपार मला अजून दिसते. चार वाजता सोमली उठली. टोपलीला पाणी घालायचं होतं, ते दिवस मावळायच्या आत घालावं लागतं. घेराची शेवटची फेरी तेवढी राहिली होती. मास्तर म्हणाले, ‘अर्ध्या घंट्याचं काम हाये, पुरी करून जाय. मंग घालूनच जाय घरी, याडीले दाखव.’ याडी म्हणजे तिच्या बोलीत आई. ती बसली. फेरी पूर्ण झाली. नवा फेटिया नेसून ती दारात एक गिरकी घेऊन गेली. कवड्या ती पुढच्या बाजारातून घेणार होती. आर्णीला ऊन होतं, पण वर कुठेतरी पाऊस झाला असावा. अर्ध्या तासापूर्वी घोट्याएवढी असलेली नदी त्या वेळी चढत होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

सोमली घरी पोचली नाही.

कुणी म्हणालं, नदीनं नेली. पण त्याच संध्याकाळी रस्त्याच्या कामावरची टोळी मुक्काम हलवून हैदराबादच्या बाजूला गेली होती. त्यांच्यातला एक तरुण मुकादम आमच्या वर्गाच्या माठातलं पाणी प्यायला यायचा आणि सोमली त्याच्याशी एकदोनदा हसून बोलली होती. त्यामुळे दुसरी कुजबुज सुरू झाली. एरवी कुठल्याही आईला ही कुजबुज विष वाटली असती. सोमलीच्या आईनं, चांदीबाईनं, ती घट्ट धरून ठेवली. पळून गेली असेल तर जिवंत तरी होती.

बाराव्या दिवशी हवालदार आला. बरोबर धावजी आणि चांदीबाई. खाली पंधरा कोसांवर एक बाई पाण्यातून काढली होती, ओळखू येण्यासारखी राहिली नव्हती आणि तिथल्या लोकांनी तिला पुरूनही टाकलं होतं. अंगावरच्या घागऱ्याची वीतभर रुंद पट्टी तेवढी फाडून ठेवली होती. रंग धुऊन गेला होता. धावजी म्हणाला, सगळ्या तांड्यांचे फेटिये असेच असतात, मले काय समजनार. नवा फेटिया आईनं तर पाहिलाच नव्हता. मग कुणीतरी म्हणालं, मास्तरांना विचारा. मास्तर सांगतील ते खरं.

मास्तरांनी पट्टी हातात घेतली. चष्मा कपाळावर सारला आणि नखानं एकेक चुणी मोजत नेली. मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहून मोजत होते. चार, खाडा. चार, खाडा. चार, खाडा. समोर चांदीबाई उभी होती, ती पट्टीकडे बघत नव्हती, मास्तरांच्या तोंडाकडे बघत होती.

मास्तर म्हणाले, ‘नाई. हे माह्या मशीनचं काम नाई. हातानं घातलेल्या चुण्या हायेत.’

चांदीबाईनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. हवालदारानं कागदावर लिहून घेतलं आणि पट्टी घेऊन तो निघून गेला. धावजी ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. मग दोघंही तांड्याकडे चालू लागले, ती तर जवळजवळ पळतच.

ते त्या आईसाठी खोटं बोलले की ‘पुरी करून जाय’ हे स्वतःचे शब्द त्यांना सोसवले नाहीत म्हणून, हे मला कधीच कळलं नाही. मला वाटतं, त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन दिवसांनी मुली गेल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘बाई, तुमी मोजल्या होत्या?’ मी हो म्हटलं. ‘किती?’ मी म्हटलं, ‘चार.’ त्यांनी मान हलवली आणि आत गेले. त्यानंतर पाच वर्षं आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसलो, पण हा विषय पुन्हा काढला नाही.

मास्तरांनी मशिनांचा वास घेणं सोडलं. कुणी काही पारखायला आणलं की म्हणायचे, बाईंना दाखवा. लोकांना वाटलं, वय झालं. चांदीबाई दर बाजाराच्या दिवशी वर्गावर यायची. कधी तुरीच्या शेंगा, कधी अंबाडीची भाजी मास्तरांपुढे ठेवायची आणि घटकाभर बसून जायची. सोमली आता कुठे असेल, तिला पोर झालं असेल का, असलं काहीबाही ती बोलायची. मास्तर खाली मान घालून ऐकायचे. त्या शेंगा त्यांनी एकदाही खाल्ल्या नाहीत, मुलींत वाटून टाकायचे.

धावजी दर उन्हाळ्यात रस्त्याच्या कामांवर लेक शोधत फिरायचा. पुसद, नांदेड, त्याच्याही पुढे. तिसऱ्या उन्हाळ्यात कुठल्याशा मुक्कामावर त्याला ताप भरला आणि तो तिकडेच गेला. बातमी आली त्या दिवशी मास्तरांनी वर्ग उघडला नाही. मी दारावरून हाक मारली, तर आतून म्हणाले, ‘जा बाई. आज नाई.’

पासष्ट साली त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यासारखे झाले. सुई ओवणं दूरच, समोर कोण उभं आहे हे आवाजावरून ओळखायचे. नोकरी संपली. मुलगी लोहाऱ्याला न्यायला येणार होती. त्याच आठवड्यात चांदीबाई आली आणि म्हणाली की होळी झाली की धाकटा मुलगा वालू बहिणीच्या शोधाला हैदराबादकडे निघणार. वालू एकोणीस वर्षांचा, घरात तेवढाच कर्ता. ती गेल्यावर मास्तर म्हणाले, ‘बाई, उद्या मले तांड्यावर घेऊन चला. या पोराले थांबवा लागते.’

आम्ही सकाळी निघालो. माझा हात धरून ते नदी उतरले, माझा हात धरूनच पलीकडचा चढ चढले. चांदीबाईनं खाट टाकली, पाण्याचा तांब्या आणला. वालू दारात बसून चपलेचा अंगठा शिवत होता. मास्तरांनी पाणी घेतलं नाही.

‘चांदीबाई,’ ते म्हणाले, ‘मी तवा खोटं बोललो. थो कपडा सोमलीचाच होता. माह्याच मशीनच्या चुण्या होत्या. मीच तिले थांबवलं आन् मीच खोटं बोललो. धावजी माह्यापायी गेला. वालूले धाडू नका. ती नाई भेटनार.’

चांदीबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती, तिनं हळूच हात पुढे केला आणि त्यांच्या डोळ्यांपुढून फिरवला. मास्तरांची पापणी हलली नाही. ती म्हणाली, ‘माह्या हातात काय हाये, मास्तर?’

तिच्या हातात काहीच नव्हतं.

‘तवा तुमची नजर सुईच्या नाकातून आरपार जाय,’ ती म्हणाली, अगदी मायेनं. ‘तवा तुमी मोजून नाई म्हनलं. आता तुमाले माहा हात दिसत नाई, आन् तुमी हो म्हनता. मी कोनतं खरं मानू? मानूस म्हातारा झाला का त्याच्या मनात कायबी येते. तुमी नोका लावून घेऊ जीवाले.’

आयुष्यभर ज्या शब्दाला लोकांनी नाण्यासारखं वाजवून घेतलं होतं, तो मास्तरांना आता परत घेता येत नव्हता. त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली, थोडी चुकीच्या बाजूला. ‘बाईले इचारा,’ ते म्हणाले. ‘बाई माह्यामागं उभी होती. तिनंबी मोजल्या. तिची नजर चांगली हाये.’

वालूनं चप्पल खाली ठेवली. चांदीबाई माझ्याकडे वळली. आजवर तिच्या डोळ्यांकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. ती काही विचारत नव्हती, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवून माझ्याकडे बघत होती. मला सगळं ठाऊक होतं. धावजी कसा गेला ते ठाऊक होतं, वालू जाणार होता ते ठाऊक होतं, मास्तर पाच वर्षं कसे जगले ते तर माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मी भ्याले.

मी म्हटलं, ‘मी मागे उभी होते. मला नीट दिसलं नव्हतं.’

चांदीबाईनं सुस्कारा सोडला. तिनं उठून गुळाचा चहा ठेवला. मास्तरांच्या हातात कप देताना म्हणाली, छोरी आली का पैले तुमच्याकडंच धाडतो, लोहाऱ्याले. मास्तरांनी तो चहा मुकाट्यानं पिऊन संपवला.

वालू होळीनंतर गेला आणि पुढच्या पेरणीला एकटाच परत आला. मास्तर त्या भेटीच्या दुसऱ्याच सकाळी मुलीबरोबर लोहाऱ्याला गेले, त्यांना पोचवायला मी एस.टी. स्टँडवर गेले नाही, आणि दीड वर्षानं ते वारल्याचं पत्र आलं. माझी बदली होईपर्यंत चांदीबाई बाजाराच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन बसायची. तेव्हाही मी तिला सांगितलं नाही.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी परतताना. तांड्याच्या कडेला आल्यावर मी नेहमीसारखा हात पुढे केला. त्यांनी तो चाचपून पाहिला, माझाच आहे याची खात्री करून घेतली आणि सोडून दिला. मग कुंपणातली एक काठी उपसून ते एकटेच पुढे निघाले. नदीचा उतार होता, खाली दगड होते. ते दोनदा अडखळले, एकदा गुडघ्यावर बसले, पुन्हा उठले. मी दहा पावलं मागून चालत राहिले. पाण्यात उतरताना ते थांबले, तेव्हा मला वाटलं की आता हाक मारतील. त्यांनी काठीनं पाण्याची खोली पाहिली आणि एकटेच पलीकडे गेले.